संगणकाचं घड्याळ चुकतंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुरुस्तीच्या दुकानात जाऊन ‘घड्याळ चुकतंय’ एवढंच सांगितलं, की बहुतेक वेळा सेल बदलून मिळतो. कधी त्याने काम भागतं, कधी चार दिवसांत पुन्हा तेच. कारण वेळ चुकण्याची कारणं बरीच आहेत आणि सेल हे त्यातलं फक्त एक. घड्याळ किती चुकतंय आणि केव्हा चुकतंय, हे आधी बघा. पुढची निम्मी उत्तरं त्यातच आहेत. लिहिलेलं मुख्यतः विंडोज वापरणाऱ्यांसाठी आहे. लिनक्सचं जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलं आहे.

सुरुवात कुठून करू?

घड्याळ एकदा बरोबर लावा आणि मग फरक मोजा. लावताना टीव्हीवरच्या बातम्यांच्या कोपऱ्यातली वेळ घेऊ नका. डिश किंवा केबलवरचं चित्र काही सेकंद उशिराच पोचतं, मोबाइलवरचं थेट प्रक्षेपण त्याहून उशिरा. भारताची अधिकृत वेळ नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा, म्हणजे एनपीएल, राखते आणि ती त्यांच्या संकेतस्थळावर पाहता येते. घरगुती तपासणीला मोबाइलवरची वेळही चालेल.

यानंतर संगणकाची ‘आपोआप वेळ लावा’ ही सोय तात्पुरती बंद करा, नाहीतर दोष झाकला जाईल आणि तुम्हाला वाटेल सगळं ठीक आहे. मग दोन वेगळे फरक लिहून ठेवा. रात्री बंद करताना वेळ बरोबर होती आणि सकाळी सुरू केल्यावर चुकली, हा एक प्रकार. सकाळी बरोबर होती आणि दिवसभर काम करता करता मागे पडली, हा दुसरा. पहिल्यात संशय सेलवर. दुसऱ्यात सेलचा काहीही संबंध नाही. आणि फरक जर अगदी नेमका अर्धा तास, पाऊण तास, साडेपाच तास असा निघाला, तर स्क्रू-ड्रायव्हर परत खणात ठेवून द्या. तो सेटिंगचा दोष आहे.

चालू संगणकात घड्याळ मागे पडलं तर सेलचा संबंध नाही, असं का?

कारण संगणकात घड्याळं दोन असतात. एक मदरबोर्डवरचं, ज्याला आरटीसी म्हणतात. संगणक बंद असताना, वीज गेलेली असताना तेच चालू राहतं, आणि त्यासाठीच तो रुपयाएवढा गोल सेल असतो. दुसरं घड्याळ विंडोजचं किंवा लिनक्सचं स्वतःचं. संगणक सुरू होताना ते आरटीसीला एकदा वेळ विचारतं आणि पुढे प्रोसेसर व मदरबोर्डवरचे वेगवान टायमर मोजत स्वतःच चालतं. पडद्याच्या कोपऱ्यात दिसतं ते हे दुसरं.

पहिला आयबीएम पीसी १९८१ साली आला तेव्हा त्यात सेलवर चालणारं घड्याळच नव्हतं. दर वेळी सुरू केला की डॉस तारीख आणि वेळ विचारायचं, आणि कंटाळलेली माणसं नुसतं एंटर दाबून पुढे जायची. १९८४ च्या पीसी-एटीमध्ये मोटोरोलाची घड्याळाची चिप आणि तिला सेल आला. त्या चिपमध्ये ६४ बाइट स्मृती होती. काही बाइट घड्याळासाठी, उरलेले संगणकाच्या सेटिंगसाठी. घड्याळ आणि बायोसची, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅमची, सेटिंग एकाच सेलवर जगण्याची प्रथा तिथून पडली. म्हणून सेल संपला की नुसती वेळ जात नाही, सेटिंगही विसरली जातात.

सेलच गेलाय हे खात्रीने कसं ओळखायचं?

तारीख कित्येक वर्षं मागे जाते, ही सगळ्यात ठळक खूण. बंद करून सुरू केल्यावर एकदम २०१२ किंवा २०१५ सालचा जानेवारी दिसतो. बहुतेकदा ते बायोस तयार झाल्याचं साल असतं. जोडीला सुरू होताना काळ्या पडद्यावर ‘सीएमओएस चेकसम एरर’ किंवा ‘एफ१ दाबून पुढे जा’ अशा अर्थाची इंग्रजी सूचना येते. सेल मरायला टेकलेला पण पूर्ण मेलेला नसेल, तर घड्याळ फक्त बंद काळात थांबतं. शनिवारी दुपारी बंद केलेला संगणक सोमवारी सकाळीही शनिवार दुपारच दाखवतो.

मल्टिमीटर असेल तर सेल काढून मोजा. नवा सेल तीन व्होल्टच्या थोडा वर दाखवतो. पावणेतीनच्या खाली गेला असेल तर फार विचार न करता बदला. काही बायोसमध्ये ‘हार्डवेअर मॉनिटर’ या पानावर ‘व्हीबॅट’ नावाने हाच आकडा सेल न काढताही दिसतो.

सेल किती वर्षं टिकतो? आमचा दोन वर्षांतच गेला.

तीन ते दहा वर्षं, इतका मोठा पल्ला आहे, आणि त्याला कारण आपली सवय आहे. डेस्कटॉपच्या पॉवर सप्लायला भिंतीवरून वीज मिळत असेल, तर संगणक ‘शटडाऊन’ असतानाही पाच व्होल्टचा एक बारीक प्रवाह मदरबोर्डला मिळत राहतो आणि घड्याळ त्यावर चालतं. सेल तेव्हा आराम करतो. आपल्याकडे मात्र काम झालं की बोर्डावरचं बटण बंद करायची शिस्त घरोघरी असते, शिवाय गावाकडे भारनियमन. अशा घरात घड्याळाचा जवळजवळ सगळा भार सेलवर पडतो.

याचा अर्थ बटण चालू ठेवा असा घेऊ नका. पावसाळ्यात विजा कडाडत असताना प्लगच काढून ठेवणं शहाणपणाचं. सेल साधारण शंभर रुपयांच्या आत मिळतो, मदरबोर्ड मिळत नाही.

सेल स्वतः बदलता येईल का?

डेस्कटॉपचा बदलता येतो, आणि त्यासाठी खास हत्यार लागत नाही. पण आधी दोन कामं करा, ती लोक विसरतात.

पहिलं, बायोसमध्ये जाऊन प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. सेल काढला की ही सेटिंग मूळपदावर जाऊ शकतात. त्यात हार्डडिस्कच्या जोडणीचा प्रकार, म्हणजे एएचसीआय की रेड, हा बदलला तर विंडोज सुरूच होत नाही, आणि मग सेल बदलल्यामुळे संगणक बिघडला असा बोभाटा होतो. दुसरं, डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असेल तर त्याची रिकव्हरी की आधी शोधून ठेवा. बायोसची सेटिंग बदललेली दिसली की विंडोज ती मागू शकतं. ही की ४८ अंकी असते, बऱ्याच जणांच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ती साठवलेली सापडते.

मग संगणक बंद करा, प्लग काढा, सुरू करायचं बटण काही सेकंद दाबून उरलीसुरली वीज निघू द्या. कॅबिनेट उघडा, धातूच्या भागाला हात लावून अंगावरची स्थिर वीज घालवा. सेलच्या खोबणीला एक बारीक पट्टी असते, ती नखाने बाजूला सरकवली की सेल आपोआप वर येतो. नवा सेल अधिकची खूण वर ठेवून बसवा. सेलला तेल-घामाची बोटं लागली असतील तर कोरड्या कापडाने पुसून घ्या. कोकणात, खाडीकाठच्या दमट घरांत खोबणीच्या पट्टीवर हिरवट गंज चढलेला दिसतो. तो न पुसता नवा सेल बसवला तर घड्याळाचा दोष जात नाही.

सेलवर ‘सीआर२०३२’ असं लिहिलेलं पाहून घ्या. २० म्हणजे २० मिलिमीटर व्यास, ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. ‘सीआर२०२५’ दिसायला तसाच पण पातळ असतो आणि खोबणीत सैल बसतो. ‘एलआयआर२०३२’ हा चार्ज होणारा प्रकार आहे, त्याचा व्होल्टेज जास्त असतो. तो इथे घालू नका.

घरात लहान मूल असेल तर जुना आणि नवा, दोन्ही सेल लगेच उचलून ठेवा. गिळलेला बटण सेल अन्ननलिकेला दोन तासांतही गंभीर भाजू शकतो. तशी नुसती शंका आली तरी वाट न बघता दवाखाना गाठा.

लॅपटॉपमध्येही असाच सेल असतो का?

काहींमध्ये असतो, पण प्लॅस्टिकच्या वेष्टनात, दोन वायरी आणि छोटा कनेक्टर लावलेला. काही नव्या लॅपटॉपमध्ये वेगळा सेल नसतोच, मुख्य बॅटरीच घड्याळ चालवते. त्यामुळे लॅपटॉप महिनोन्‌महिने कपाटात पडून बॅटरी पूर्ण उतरली की तारीख जाते. असं झालं असेल तर आधी पूर्ण चार्ज करून वेळ लावा आणि नेहमीसारखा वापरून बघा. उघडायची घाई नको.

सेल नवा आहे, तरी बंद काळात महिन्याला मिनिटभर फरक पडतो. मदरबोर्ड बदलू?

नाही. तो दोष नव्हे, ती त्या घड्याळाची कुवत आहे.

आरटीसीमध्ये क्वार्ट्‌झचा एक चिमुकला स्फटिक असतो आणि तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा मुद्दाम निवडलेला आहे: त्याचं पंधरा वेळा निम्मं केलं की बरोबर एक उरतो, म्हणजे सेकंदाला एक ठोका. साधारण स्फटिकाच्या कंपनात दहा लाखांत वीस इतका फरक चालतो असं धरलेलं असतं. दिवसाच्या ८६,४०० सेकंदांत ते होतात पावणेदोन सेकंद, महिन्याला सुमारे ५२. म्हणजे तुमचं ते ‘मिनिटभर’ नियमात बसतं. मनगटावरचं स्वस्त घड्याळ याहून बरं चालतं, कारण ते अंगाच्या बऱ्याचशा स्थिर उबेत राहतं आणि संगणक राहत नाही.

उन्हाळ्यात घड्याळ मागे पडतं असं विदर्भातून कोणी सांगितलं तर ते खोटं नाही. हा स्फटिक २५ अंशांच्या आसपास सर्वात नीट चालतो. त्याहून गरम झाला तरी मंदावतो आणि गार झाला तरी. पण नागपूरच्या ४५ अंशांत बंद पडून राहिलेल्या संगणकाचं यामुळे दिवसाला साधारण सव्वा सेकंदाचं नुकसान होतं, एवढंच. दिवसाला पाच मिनिटं जात असतील तर उन्हाळ्याला दोष देऊ नका.

फरक बरोबर अर्ध्या तासाचा आहे. लावला की नीट होतो आणि पुन्हा तसाच येतो.

टाइम झोन चुकला आहे. तुम्ही हाताने वेळ बदलता, इंटरनेटवरचा सर्व्हर खरी जागतिक वेळ देतो, संगणक तीत चुकीच्या झोनचे तास मिळवतो आणि पुन्हा जिथल्या तिथे. वेळ हाताने लावत बसू नका, झोन बदला.

विंडोजच्या यादीत आपल्या आजूबाजूचे झोन एकाखाली एक येतात, आणि बोट घसरणं सोपं आहे. कराची निवडलं तर घड्याळ अर्धा तास मागे, काठमांडू निवडलं तर पंधरा मिनिटं पुढे, ढाका निवडलं तर अर्धा तास पुढे. आपल्याला हवी ती ओळ ‘चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली’ अशी आहे, अधिक ५:३०. नव्याने विंडोज टाकल्यावर साडेबारा किंवा साडेतेरा तासांनी वेळ मागे दिसली, तर झोन अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा राहिला आहे; तिथे उन्हाळी वेळ चालू असेल तर साडेबारा, नसेल तर साडेतेरा. लिनक्समध्ये मुंबई किंवा पुणे शोधत बसू नका, अख्ख्या भारतासाठी ‘एशिया/कोलकाता’ हे एकच नाव आहे, जुन्या आवृत्त्यांत ‘कॅलकटा’.

आज वापरात असलेले सगळे झोन पंधरा मिनिटांच्या पटीत आहेत. त्यामुळे सात किंवा बावीस मिनिटांचा फरक झोनमुळे पडूच शकत नाही. पूर्वी असता तर गोष्ट वेगळी. भारतीय प्रमाणवेळ १९०६ साली आली, तरी मुंबई शहराने स्वतःची ३९ मिनिटं मागे असलेली ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत सोडली नव्हती.

एकाच संगणकावर विंडोज आणि उबुंटू आहे. एकातून दुसऱ्यात गेलं की साडेपाच तासांचा गोंधळ होतो.

ही दोन भाडेकरूंची भांडणं आहेत, घड्याळ बिचारं बरोबर आहे. मदरबोर्डच्या घड्याळात स्थानिक वेळ लिहायची ही विंडोजची रीत, डॉसच्या काळापासून चालत आलेली. लिनक्स तिथे जागतिक वेळ, यूटीसी, लिहितं. लिनक्सने दुपारचे तीन वाजता साडेनऊ लिहून ठेवले आणि नंतर विंडोज सुरू झालं, की विंडोजला सकाळचे साडेनऊ दिसतात. उलट गेलात तर लिनक्स साडेपाच तास पुढे पळतं.

दोघांपैकी एकाला दुसऱ्याची रीत शिकवायची. सोपं काम लिनक्सकडून होतं: टर्मिनलमध्ये ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’ ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत द्या, तेही स्थानिक वेळ लिहू लागेल. मला स्वतःला उलटं आवडतं, म्हणजे विंडोजला यूटीसी शिकवणं, कारण लिनक्स स्वतःच स्थानिक वेळेच्या मार्गाबद्दल कुरकुर करतं. त्यासाठी विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंगच्या आतल्या नोंदवहीत, ‘करंट कंट्रोल सेट’, त्यात ‘कंट्रोल’, त्यात ‘टाइम झोन इन्फर्मेशन’ इथे ‘रिअल टाइम इज युनिव्हर्सल’ या नावाची डी-वर्ड नोंद करून तिची किंमत १ ठेवायची. नावातले शब्द जोडून लिहायचे, मध्ये जागा नाही. रजिस्ट्रीत पूर्वी कधी हात घातला नसेल तर पहिला मार्गच बरा. दोन्ही एकदम करू नका, पुन्हा साडेपाच तास!

इंटरनेटवरून वेळ आपोआप लागते ना? मग आमची का लागत नाही?

विंडोजमध्ये ‘सेटिंग्ज’, ‘टाइम अँड लँग्वेज’, ‘डेट अँड टाइम’ इथे ‘सिंक नाऊ’ हे बटण आहे. ते दाबून काय होतं ते बघा. लगेच बरोबर झालं, तर यंत्रणा चालते आहे, फक्त फार क्वचित चालते. जुन्या विंडोजमध्ये घरगुती संगणक आठवड्यातून एकदाच वेळ जुळवायचा.

बटण दाबून चूक दाखवत असेल, तर ‘सर्व्हिसेस’च्या यादीत ‘विंडोज टाइम’ ही सेवा बंद केलेली नाही ना ते पाहा. ‘संगणक वेगवान करा’ असं सांगणारी फुकट सॉफ्टवेअरं ती बंद करून टाकतात. सेवा चालू असेल तर जाळं तपासा. वेळ जुळवण्याची पद्धत, एनटीपी, यूडीपीच्या १२३ क्रमांकाच्या पोर्टवरून बोलते, आणि बऱ्याच कॉलेजांच्या, सोसायट्यांच्या, कार्यालयांच्या जाळ्यात ते पोर्ट अडवलेलं असतं. मोबाइलचा हॉटस्पॉट जोडून पुन्हा ‘सिंक नाऊ’ दाबा. तिथे चाललं आणि कार्यालयात चाललं नाही, तर तुमच्या संगणकात काही बिघाड नाही.

आणखी एक अडचण सेल गेलेल्यांना हमखास भेटते. घरगुती विंडोजला पंधरा तासांहून मोठा फरक स्वतःहून दुरुस्त करायची मुभा नसते. तारीख २०१५ वर गेली असेल तर सर्व्हर खरी वेळ सांगतो, आणि विंडोज ‘इतका मोठा बदल करायचा नाही’ म्हणून नकार देतं. अशा वेळी तारीख आणि वेळ हाताने अंदाजे बरोबर करा, मग ‘सिंक नाऊ’. लिनक्समधल्या एनटीपीडी या वेळ जुळवणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमची सहनशक्ती तर १,००० सेकंदांचीच असते. त्याहून मोठा फरक दिसला की तो चक्क बंद पडतो.

सर्व्हर कोणता ठेवू?

विंडोजचा मूळ सर्व्हर, टाइम डॉट विंडोज डॉट कॉम, घरी चालतो. भारतातला हवा असेल तर एनपीएलचा ‘टाइम डॉट एनपीएलइंडिया डॉट ओआरजी’ आहे. कंट्रोल पॅनेलच्या ‘डेट अँड टाइम’मध्ये ‘इंटरनेट टाइम’ या पानावर नाव बदलता येतं.

कंपन्यांना हा निवडीचा विषय राहिलेला नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत एनआयसीच्या, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, किंवा एनपीएलच्या एनटीपी सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जुळवलेल्या सर्व्हरशी, यंत्रणांची वेळ जुळवायला सांगितलं आहे. सायबर हल्ल्यानंतर दहा यंत्रांच्या नोंदी शेजारी ठेवताना कोणती घटना आधी घडली हेच कळलं नाही, तर तपास काय करणार?

वेळ बरोबर होती आणि अचानक कित्येक दिवस किंवा महिने पुढे-मागे उडाली. सेल ठीक आहे.

असं घडू शकतं, आणि त्यामागे विंडोजचीच एक सोय असू शकते. तारीख चुकलेला संगणक सुरक्षित संकेतस्थळाचं प्रमाणपत्र तपासू शकत नाही, आणि प्रमाणपत्र तपासल्याशिवाय विश्वासू वेळ मिळत नाही, हा तिढा सोडवायला मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये ‘सिक्युअर टाइम सीडिंग’ आणलं. संगणक इतर सर्व्हरशी सुरक्षित जोडणी करताना त्या बोलण्यात आलेल्या वेळेवरून अंदाज बांधतो. पण बरेच सर्व्हर त्या जागी खरी वेळ न देता यादृच्छिक आकडे भरतात. २०२३ मध्ये अनेक सर्व्हर सांभाळणाऱ्यांनी तारखा अशा उड्या मारत असल्याच्या तक्रारी जाहीरपणे मांडल्या.

ही सोय बंद करायला रजिस्ट्रीत ‘सर्व्हिसेस’, ‘डब्ल्यू३२टाइम’, ‘कॉन्फिग’ इथे ‘युटिलाइज एसएसएल टाइम डेटा’ या जोडून लिहिलेल्या नोंदीची किंमत ० करायची आणि संगणक पुन्हा सुरू करायचा. घरगुती संगणकावर हे क्वचितच करावं लागतं. हिशेबाचा किंवा बिलिंगचा सर्व्हर असेल तर मी ते आधीच करून ठेवीन.

चालू असतानाच घड्याळ मागे पडतं, तासाला काही मिनिटं. हे काय आहे?

आता खरा विचित्र प्रकार आला. इथे दोष विंडोजच्या मोजणीत आहे. आधी आठवा, खेळ गुळगुळीत चालावा म्हणून एखाद्या व्हिडिओत पाहून ‘बीसीडीएडिट’ची, म्हणजे विंडोज सुरू होतानाची सेटिंग बदलणारी, आज्ञा दिली होती का? ‘यूज प्लॅटफॉर्म क्लॉक’सारखे बदल विंडोजला त्याने निवडलेला टायमर सोडून दुसरा घ्यायला लावतात. तो बदल काढून टाका. प्रोसेसरचा मूळ ठोका वाढवून ओव्हरक्लॉक केलं असेल तर तेही पूर्ववत करा. २०१३ मध्ये याच कारणावरून मोठा गाजावाजा झाला होता: विंडोज ८ चालू असताना मूळ ठोका बदलला की घड्याळ खोटं चालायचं, आणि वेगाच्या चाचण्यांचे विक्रम नोंदवणाऱ्या एचडब्ल्यूबॉटने त्या विंडोजवरचे निकाल नाकारले.

यातलं काही केलं नसेल तर बायोस आणि चिपसेटचे ड्रायव्हर अद्ययावत करा. पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून तासभर ठेवा. त्यातही घड्याळ तसंच रेंगाळलं तर मदरबोर्डमध्ये बिघाड आहे असं धरायला हरकत नाही.

आभासी यंत्रात वेळ मागे पडते.

व्हर्च्युअल मशिन, म्हणजे संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने चालवलेला दुसरा संगणक, ‘पॉज’ केलं किंवा लॅपटॉप झोपवला, की आतल्या घड्याळाला मधला काळ कळतच नाही. व्हीएमवेअर टूल्स, व्हर्च्युअलबॉक्सचे गेस्ट अ‍ॅडिशन्स किंवा हायपर-व्हीच्या सेवा आत बसवलेल्या असल्या की वेळ बाहेरून भरून दिली जाते. आत एनटीपी आणि बाहेरून ही सोय, दोन्ही एकाच वेळी ओढाताण करत नाहीत ना, एवढं बघा.

वेळ थोडी चुकली तर बिघडतं काय? कोपऱ्यातलं घड्याळ मी बघतही नाही.

मिनिट-दोन मिनिटांनी घरी काही बिघडत नाही. दिवस चुकला की बिघडतं. ब्राउझर एकेक संकेतस्थळ ‘सुरक्षित नाही’ म्हणून अडवू लागतो, कारण प्रत्येक प्रमाणपत्राला सुरुवातीची आणि संपण्याची तारीख असते, आणि काही प्रमाणपत्रं तर ९० दिवसांचीच असतात. विवरणपत्र भरताना डिजिटल सही ‘मुदत संपली’ किंवा ‘मुदत अजून सुरू झाली नाही’ म्हणते. ३१ जुलैच्या संध्याकाळी सीएच्या कार्यालयात हे घडलं, तर सहीचं यूएसबी टोकन विकणाऱ्याला फोन लावण्याआधी पडद्याचा उजवा कोपरा बघा.

कार्यालयाच्या डोमेनला, म्हणजे एकाच ठिकाणाहून सांभाळल्या जाणाऱ्या जाळ्याला, जोडलेल्या संगणकाला पाच मिनिटांहून जास्त फरक चालत नाही. लॉगिन तपासणारी कर्बेरॉस यंत्रणा तेवढीच सवलत देते.

ओटीपीबद्दल लोकांचा घोळ होतो. बँकेचा एसएमएसने येणारा ओटीपी बँकेच्या सर्व्हरवर तयार होतो, त्याचा तुमच्या घड्याळाशी संबंध नाही. ऑथेंटिकेटर अ‍ॅपमध्ये दर तीस सेकंदांनी बदलणारा आकडा मात्र वेळेवरूनच काढलेला असतो, पण तो ज्या उपकरणात अ‍ॅप आहे त्याच्या वेळेवरून. अ‍ॅप मोबाइलमध्ये असेल आणि आकडा नाकारला जात असेल, तर मोबाइलची वेळ तपासा.

रास्पबेरी पाय दर वेळी जुनीच वेळ का दाखवतो?

पाय हा एकाच छोट्या बोर्डावरचा स्वस्त संगणक, आणि चौथ्या पिढीपर्यंतच्या पायमध्ये सेलवर चालणारं घड्याळ नाहीच. बंद करताना शेवटची वेळ फाइलमध्ये लिहून ठेवतो आणि सुरू झाल्यावर तिथूनच पुढे जातो, इंटरनेट मिळेपर्यंत. शेतावर, पंपावर, इंटरनेट नसलेल्या जागी लावायचा असेल तर डीएस३२३१ चिपचं मॉड्यूल घ्या. ती तापमान मोजून स्वतःची चाल सुधारते. ० ते ४० अंशांत दहा लाखांत दोन इतकाच फरक, म्हणजे वर्षाला जेमतेम मिनिट. पाय ५ मध्ये घड्याळ आहे, पण त्याचा सेल वेगळा घ्यावा लागतो.

दुकानाच्या सीसीटीव्हीची वेळ वीस मिनिटं पुढे आहे. हेच उपाय चालतील?

चालतील. चित्रण साठवणारा डीव्हीआर हाही एक छोटा संगणकच. आत बटण सेल असतो, मेनूत टाइम झोन आणि एनटीपी असतं. तो इंटरनेटला जोडलेला नसेल तर महिन्यातून एकदा हाताने लावा.

एक सावधगिरी: चोरी किंवा अपघात होऊन गेला असेल आणि पोलीस चित्रण मागणार असतील, तर आधी वेळ दुरुस्त करू नका. डीव्हीआरची वेळ आणि मोबाइलवरची वेळ एकाच फोटोत येतील असा फोटो काढा, किती फरक आहे ते लिहून ठेवा, चित्रण काढून द्या, मगच घड्याळाला हात लावा. आधीच लावलंत तर जुन्या चित्रणातली वीस मिनिटं नंतर सिद्ध करणं अवघड जातं.

मुलगी अमेरिकेत असते. वर्षातून दोनदा आमच्या ठरलेल्या व्हिडिओ कॉलची वेळ तासाने चुकते. आमचं घड्याळ बिघडलंय का?

नाही, तिचं बदलतं. भारतात उन्हाळी वेळ नाही, तिथे मार्चमध्ये घड्याळ तासभर पुढे जातं आणि नोव्हेंबरमध्ये मागे येतं. न्यूयॉर्क आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. कॉलची वेळ कॅलेंडर अ‍ॅपमध्ये लावली तर गणित ते करतं. तुमच्या संगणकाचा झोन मात्र भारताचाच राहू द्या.

२०३८ साली सगळी घड्याळं बंद पडणार हे खरं आहे का?

सगळी नाही. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांत मोजणाऱ्या प्रणालींची जागा १९ जानेवारी २०३८ रोजी, आपल्याकडे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी संपते, आणि पुढच्या सेकंदाला त्या १९०१ सालात जातात. आजचे ६४ बिटांचे संगणक यातून सुटलेले आहेत. जुने राउटर, यंत्रांतले नियंत्रक, स्वस्त डीव्हीआर यांची चिंता खरी आहे. तुमचं घड्याळ आज चुकत असेल तर त्याचा याच्याशी संबंध नाही.

काढलेला जुना सेल कचऱ्यात टाकू?

नको. दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा, म्हणजे इतर सेलना किंवा धातूला लागून तो तापणार नाही, आणि ई-कचरा गोळा करणाऱ्याकडे द्या. नवा सेल घेतला त्या दुकानदारालाही विचारून बघा, काही जण ठेवून घेतात.